बीज, शेत आणि फळ

१९०१च्या मार्चमध्ये डेट्रॉईट शहरात रॅन्सम ओल्ड्स यांचा मोटारींचा कारखाना जळाला. आगीतून एकच नमुना-गाडी ढकलत बाहेर काढता आली आणि म्हणून पुढे तीच बनवायचं ठरलं, अशी आख्यायिका आहे. इतिहासकार ती तितकीशी मानत नाहीत. एवढं मात्र खरं, की यंत्रं गेली होती आणि गाडीला गिऱ्हाईक होतं. ओल्ड्स यांनी सुटे भाग गावातल्याच वर्कशॉपांकडून करून घ्यायला सुरुवात केली. गिअरबॉक्स जॉन आणि होरेस या डॉज भावांकडून, इंजिनं हेन्री लेलँड यांच्याकडून, रेडिएटर बेंजामिन ब्रिस्को यांच्याकडून. पुढे लेलँड यांनी कॅडिलॅक उभी केली. डॉज बंधू आधी हेन्री फोर्डचे पुरवठादार झाले आणि १९१४ साली स्वतःच्या नावाची गाडी घेऊन बाजारात उतरले. ब्रिस्कोही मोटारींच्या धंद्यात शिरले. स्वतः ओल्ड्स यांचं १९०४ मध्ये भांडवलदारांशी बिनसलं. ते आपल्याच नावाची कंपनी सोडून निघाले आणि आपल्या आद्याक्षरांवरून त्यांनी ‘रिओ’ नावाची दुसरी काढली.

डेट्रॉईट मोटारींची राजधानी का झालं, हा प्रश्न या गोष्टीत दडलेला आहे. तो वरवर भूगोलाचा वाटतो. थोडं खणलं की खाली फार जुना प्रश्न लागतो: मोठेपण येतं कुठून? जागेतून, घराण्यातून, की घर सोडून बाहेर पडलेल्या माणसातून?

या प्रश्नाला आयुष्य वाहिलेल्या एका अमेरिकन अभ्यासकाचं नाव स्टीव्हन क्लेपर. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ते १९८० पासून अर्थशास्त्र शिकवत. पोलादाच्या पैशावर उभं राहिलेलं विद्यापीठ आणि पोलाद विझत चाललेलं गाव, असा तो काळ. गावं का चढतात आणि का उतरतात, हे पाहायला त्यांना लांब जायची गरज नव्हती. उत्क्रांतिवादी आर्थिक भूगोल नावाची जी ज्ञानशाखा गेल्या वीस-पंचवीस वर्षांत नावारूपाला आली, तिच्या पायात क्लेपर यांचं काम आहे, आणि गंमत म्हणजे ते भूगोलाचे नव्हतेच.

त्यांच्याआधी या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर शेताच्या बाजूचं होतं. इंग्लंडच्या अल्फ्रेड मार्शल यांनी १८९० सालीच सांगून ठेवलं होतं, की एकाच धंद्याची माणसं एका गावात गोळा झाली, की कसब तिथल्या हवेतच मिसळतं, पोरंसोरंही ते नकळत शिकतात. कुशल कामगार जवळ, पुरवठादार जवळ, बातमी जवळ. थोडक्यात, जमीन कसदार होते आणि मग जे पेराल ते जोमाने येतं. इचलकरंजीचे माग किंवा मिरजेची सतारीची दुकानं पाहिलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही.

क्लेपर यांना ते पटलं नाही. निदान पुराव्याशिवाय पटवून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वंशावळीच्या वह्या असतात, आजोबा-पणजोबांच्या सह्यांसकट. क्लेपर यांनी अमेरिकी मोटारउद्योगाची तशी वही केली. मोटारींच्या हौशी इतिहासकारांनी जमवलेल्या याद्या आणि जाडजूड सूच्या चाळून १८९५ ते १९६६ या काळात अमेरिकेत मोटारी बनवायला उतरलेल्या ७२५ कंपन्यांची नोंद त्यांनी लावली. प्रत्येकीची जन्मतारीख, गाव, मृत्यूची तारीख; आणि खरी मेख पुढे आहे, संस्थापक आधी कुठे काम करत होता. म्हणजे प्रत्येक कंपनीचं गोत्र.

वही पुरी झाल्यावर दिसलं ते असं. १९०९ मध्ये देशात एका वेळी २७२ कंपन्या मोटारी बनवत होत्या. १९४१ पर्यंत उरल्या नऊ. टिकल्या त्यांत बहुतेक अशा, ज्यांचे संस्थापक आधी एखाद्या यशस्वी मोटार कंपनीत मुरलेले होते. ओल्ड्स, कॅडिलॅक, फोर्ड, ब्यूक या मूळ घरांतून शाखा फुटत गेल्या आणि त्या बहुधा आसपासच रुजल्या, कारण माणूस नोकरी सोडतो तेव्हा गाव सोडतोच असं नाही. बायकोचं माहेर, पोरांची शाळा, ओळखीचा सावकार, सगळं तिथंच असतं. पण डेट्रॉईटमध्येच उघडलेल्या, मात्र अशा घराण्यातून न आलेल्या कंपन्या इतर गावांतल्या कंपन्यांपेक्षा काही जास्त जगल्या नाहीत. हवेत कसब असतं तर ते त्यांनाही लागायला हवं होतं. ओहायोतल्या अॅक्रन गावाच्या टायर-उद्योगाबद्दल ग्वीडो ब्युन्स्टॉर्फ यांच्याबरोबर काम करताना त्यांना तेच आढळलं. क्लेपर यांचा निवाडा सरळ होता: जागेचा गुण म्हणून आपण ज्याला नावाजतो, तो बराचसा वंशाचा गुण असतो.

इथे मराठी वाचक थोडा अस्वस्थ होतो. व्हायलाच हवा.

बीज श्रेष्ठ की क्षेत्र, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात तिन्ही मतांची नोंद आहे. कोणी बीजाला थोर म्हणतात, कोणी क्षेत्राला, कोणी दोन्हींना. नवव्या अध्यायात तर मालकीचा खटलाच उभा आहे. वाऱ्याने किंवा पुराने वाहून आलेलं बी दुसऱ्याच्या शेतात उगवलं, तर पीक शेतवाल्याचं, बी ज्याचं होतं त्याला काही मिळत नाही, असा तिथला कौल. हा वाद शेतीचा नव्हता. तो स्त्रीला शेत समजून संतती कोणाची हे ठरवण्याचा होता, आणि पुढे कोणाच्या पोटी जन्मलेल्याने कोणतं काम करायचं हे ठरवण्याचा. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तो ग्रंथ जाळला गेला, त्यामागे हे कारण होतंच.

जाळणाऱ्या परिषदेचे नेते त्याच्या अकरा वर्षं आधी न्यूयॉर्कमध्ये होते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भीमराव आंबेडकर यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. त्याच्या शीर्षकातले शब्द पाहण्यासारखे आहेत: यंत्रणा, उत्पत्ती, विकास. जात म्हणजे कुंपण घातलेला वर्ग, आणि ते कुंपण म्हणजे जातीतच लग्न करण्याची सक्ती, असं त्यांचं म्हणणं. जात ही देवदत्त वा रक्तात भिनलेली वस्तू नाही. ती कशी सुरू झाली, अनुकरणाने कशी पसरली, कशामुळे टिकली, हे पायरीपायरीने दाखवता येतं. डार्विनने तत्त्वज्ञानाला कोणता धडा दिला यावर त्याच विद्यापीठात १९०९ मध्ये व्याख्यान देणारे जॉन ड्यूई हे आंबेडकरांचे शिक्षक होते. तेव्हा ‘उत्क्रांती’ हा शब्द या तरुण विद्यार्थ्याच्या कानावर नुसता पडून गेला असेल, असं मानायचं कारण नाही.

वीस वर्षांनी, १९३६ मध्ये, आंबेडकरांनी जातीच्या समर्थकांचं नेहमीचं प्रतिपादन खोडून काढलं. जात ही श्रमविभागणी आहे असं ते म्हणत. आंबेडकर म्हणाले, कामं वाटून घेणं वेगळं आणि काम करणाऱ्या माणसांनाच उतरंडीच्या कप्प्यांत वाटून टाकणं वेगळं. बापाचा धंदा तोच मुलाचा, आवड असो नसो, त्या धंद्यात पोट भरो न भरो.

मग क्लेपर यांचं बीज आणि मनूचं बीज यांत फरक काय? दोघंही वंशाची भाषा बोलतात. पण क्लेपर यांच्या वहीतल्या वंशावळीत रक्ताचं नातं कुठेच नाही. वारसा मिळतो तो सहवासातून, एका छताखाली काम करून, दुसऱ्याच्या चुका पाहून. आपल्याकडे यासाठी शब्द आहे, घराणं. उस्ताद अल्लादिया खाँ उत्तरेतून आले आणि शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात स्थिरावले. त्यांच्या गायकीला जयपूर-अत्रौली हे नाव चिकटलं ते तिकडच्या गावांवरून. ती बहरली मात्र गोव्याकडून आलेल्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यांत. रक्ताचा धागा नाही, गावाचा नाही, भाषेचाही नाही. तरी जाणकार दोन आलापांत घराणं ओळखतो.

आणि दुसरा फरक त्याहून मोठा. क्लेपर यांच्या घराण्यात मूल जन्माला येतं ते भांडणातून.

हे त्यांनी आधी मोटारींच्या नोंदींतून आणि मग पीटर थॉम्पसन यांच्याबरोबर गणिती मांडणी करून दाखवलं. कंपनीतल्या जाणत्या माणसाला एक वाट दिसते. मालकाला किंवा वरच्या साहेबाला ती दिसत नाही, पटत नाही, किंवा त्याच्या मानी स्वभावात बसत नाही. काही काळ धुसफूस चालते. मग एक दिवस तो माणूस निघतो. हेन्री लेलँड यांनी १९१७ मध्ये जनरल मोटर्स सोडली ती युद्धासाठी विमानांची इंजिनं करायची की नाही या वादातून, आणि लिंकन कंपनी काढली. विल्यम ड्युरंट यांना १९१० मध्ये जनरल मोटर्समधून बाजूला सारलं गेलं. पुढच्याच वर्षी लुई शेवरोले या शर्यतपटूला हाताशी धरून त्यांनी नवा डाव मांडला. कॅलिफोर्नियातली गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे. विल्यम शॉक्ली यांच्या तऱ्हेवाईकपणाला कंटाळून १९५७ मध्ये आठ जण बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर उभी केली. तिथून पुन्हा माणसं बाहेर पडत गेली. १९६८ मध्ये इंटेल, १९६९ मध्ये एएमडी. शॉक्ली यांनी आठांना गद्दार ठरवलं म्हणतात. गुरूला न जुमानणारा शिष्य सगळ्याच परंपरांत गद्दार ठरतो, निदान पहिली दहा वर्षं.

शॉक्ली मुळात तिथे का गेले? त्यांची आई पालो आल्टोला राहत होती, हे एक कारण नेहमी सांगितलं जातं. ती दुसऱ्या कुठल्या गावी राहत असती तर सिलिकॉन व्हॅली कुठे झाली असती, या प्रश्नाला उत्तर नाही. पण तो निरर्थकही नाही. प्रारब्ध मानणारा म्हणेल, आई तिथे असणं हेही ठरलेलंच. क्लेपर यांचा विचार निराळा: आरंभ बराचसा योगायोगाचा असतो, पण योगायोग एकदा घडला की पुढची साखळी योगायोगाची राहत नाही. प्रारब्ध असतं, पण ते मागाहून तयार होतं.

हाच विचार स्टॅनफर्डला आणि नंतर सांता फे इथे काम करणारे ब्रायन आर्थर यांनी एका मडक्याच्या खेळातून मांडला. मडक्यात एक लाल आणि एक पांढरी गोटी. न पाहता एक काढायची, परत टाकायची आणि तिच्याच रंगाची आणखी एक वर टाकायची. असं करत राहिलं की लाल-पांढऱ्याचं प्रमाण हळूहळू एका आकड्यावर स्थिरावतं. तो आकडा कुठला, हे मात्र आधी कोणीच सांगू शकत नाही. पहिल्या चार-पाच खेपांत हाताला काय लागलं, त्यावर सगळं. गोट्यांच्या जागी कारखाने घाला आणि रंगांच्या जागी गावं, की डेट्रॉईट समजायला लागतं.

आता खरी गंमत. येल विद्यापीठातले डेरेक डि सोला प्राइस यांनी १९७६ मध्ये जवळपास असंच मडकं वापरलं होतं, पण कारखान्यांसाठी नव्हे. त्यांना सांगायचं होतं की विद्वानांच्या लेखांचे दाखले असेच वाढतात. ज्याचा दाखला आधी दिला गेला, त्याचाच पुन्हा दिला जातो. या दाखल्यांची मोजदाद करणारी सूची फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफील्ड यांनी १९६४ पासून छापायला घेतली होती. २००५ मध्ये सॅन दिएगोच्या होर्गे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तिचा अर्क एका आकड्यात उतरवला. ज्याच्या वीस लेखांना प्रत्येकी किमान वीस दाखले, त्याचा निर्देशांक वीस. आज नेमणूक, बढती आणि अनुदान अशा आकड्यांवर फिरतं. अमुक अभ्यासकाचा ‘प्रभाव’ किती, असं विचारलं की हाच आकडा पुढे केला जातो.

म्हणजे एका बाजूला क्लेपर यांच्यासारखी माणसं शिकवत होती की आधी आलेल्याला, चांगल्या घरातून निघालेल्याला वाढता फायदा मिळत जातो आणि बाहेरून पाहणारा त्याला जागेचं किंवा व्यक्तीचं तेज समजून बसतो. दुसऱ्या बाजूला ते शिकवणाऱ्यांची थोरवी मोजली जात होती ती त्याच वाढत्या फायद्याच्या फूटपट्टीने. डेट्रॉईटच्या मातीला श्रेय देणं ही चूक असेल, तर आकडा मोठा दिसला म्हणून विद्वानाला श्रेय देणं हीही त्याच घरची चूक आहे. कार्नेगी मेलनमध्ये कोणाला याचं हसू आलं असेल का, कोण जाणे.

या वाढत्या फायद्याला नाव मिळालं बायबलमधून. ज्याच्याजवळ आहे त्याला आणखी मिळेल आणि ज्याच्याजवळ नाही त्याचं होतं तेही जाईल, अशा अर्थाचं वचन मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. त्यावरून कोलंबियाच्या रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये ‘मॅथ्यू इफेक्ट’ हा शब्द रूढ केला. नामवंतांना श्रेय जास्त मिळतं, त्यांच्या अनोळखी सहकाऱ्यांना कमी, हा त्यांच्या लेखाचा विषय. लेखाला आधार होता हॅरिएट झुकरमन यांनी नोबेल विजेत्यांच्या घेतलेल्या मुलाखतींचा. लेखावर नाव एकट्या मर्टन यांचं. तो दोघांच्या नावाने यायला हवा होता, हे मर्टन यांनी पुढे स्वतः कबूल केलं. पण कबुलीजबाब सूचीत चढत नाही. पुढे १९९३ मध्ये मार्गारेट रॉसिटर यांनी स्त्रियांच्या वाट्याचं श्रेय असं गळून जाण्याला ‘माटिल्डा इफेक्ट’ म्हटलं, तेव्हा कुठे गोष्टीची दुसरी बाजू नावासह उभी राहिली.

क्लेपर यांचं बी तर वाऱ्याने दुसऱ्याच्याच शेतात गेलं. २००६ मध्ये नेदरलँड्समधल्या रॉन बोश्मा आणि कून फ्रेंकेन यांनी एक लेख लिहिला. आर्थिक भूगोल हे उत्क्रांतीचं शास्त्र का नाही, असा त्याचा मथळा. मथळाही वारशाने आलेला. अमेरिकेतल्या नॉर्वेजियन शेतकऱ्याचा मुलगा थोरस्टीन वेब्लेन याने १८९८ मध्ये अर्थशास्त्राला हाच प्रश्न विचारला होता. बोश्मा आणि त्यांचे सहकारी रिक वेंटिंग यांनी क्लेपर यांची रीत ब्रिटनच्या मोटारउद्योगाला लावून पाहिली आणि त्यांना थोडं वेगळं दिसलं. कंपन्यांचं घराणं महत्त्वाचं होतंच, पण जिथे आधी सायकली आणि घोडागाड्या बनत होत्या, त्या भागातल्या कंपन्यांनाही सुरुवातीला बळ मिळालं होतं. म्हणजे शेतही अगदीच मुकं नव्हतं.

मिरजेच्या माणसाला हे ऐकून नवल वाटणार नाही. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या हातांना संस्थानी लढाया संपल्यावर काम उरलं नाही, तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी सतारी करायला घेतल्या आणि त्यांच्या वंशाने व शिष्यांनी गाव भरून टाकलं. पोलाद ओळखणारा हात लाकूड आणि तार ओळखायला शिकला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन गावाला, ते कसब आलं कुठल्या हातांतून, हे प्रमाणपत्राला विचारायचं नसतं.

तर मग फळ कोणाचं? नवव्या अध्यायाचा न्याय लावला तर पीक भूगोलवाल्यांचं, कारण ते त्यांच्या शेतात उगवलं. सूचीचा न्याय लावला तर ज्याच्या नावापुढे दाखला पडला त्याचं. तिसरा एक न्याय आहे, आणि तो या दोन्हींपेक्षा बारीक आहे. ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे मिलिंद, आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादात एक आंबेचोर येतो. चोर म्हणतो, मालकाने लावला तो आंबा वेगळा, मी तोडले ते वेगळे, मग मी त्याचं काय चोरलं? नागसेनाचं उत्तर असं, की पेरलेली कोय आणि तोडलेलं फळ एक नाहीत हे खरं, पण दुसरं पहिल्याच्या आधाराने झालं, म्हणून चोर सुटत नाही. तिथेच दिव्याचाही दृष्टांत आहे. एका दिव्यावरून दुसरा लावला तर काही वस्तू इकडून तिकडे जात नाही, तरी दुसरी ज्योत पहिलीशिवाय नसते. आत्मा न मानता सातत्य मानायचं, ही बौद्ध विचाराची अवघड कसरत. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला १९५० मध्ये कॉलेज सुरू केलं. त्या कॉलेजचं नाव मिलिंद, परिसराचं नाव नागसेनवन. तिथे शिकलेल्या कोणाही मुलाला ही आंब्याची गोष्ट नवी नाही.

क्लेपर यांच्या वहीला हा दृष्टांत मनूपेक्षा पुष्कळ जवळचा वाटतो. ओल्ड्स आणि कॅडिलॅक एक नव्हेत, फेअरचाइल्ड आणि इंटेल एक नव्हेत. मधून कुठला अविनाशी गुण संक्रमित झाला असंही नाही. पण आधीची ज्योत नसती तर नंतरची नसती. विद्वानाचा प्रभाव मोजायचाच तर असा साखळीने मोजावा लागेल, आणि साखळीला एका आकड्यात बसवता येत नाही. क्लेपर यांचं शेवटचं पुस्तकही साखळीनेच पुरं झालं. २७ मे २०१३ रोजी ते गेले. मोटारी, टायर, टीव्ही संच, सेमीकंडक्टर, लेसर आणि पेनिसिलीन अशा सहा उद्योगांची वंशकथा सांगणारं ‘एक्सपेरिमेंटल कॅपिटॅलिझम’ सर्गेई ब्रागिन्स्की, डेव्हिड हौन्शेल आणि जॉन मिलर या तिघांनी संपादून २०१६ मध्ये बाहेर काढलं.

त्यांच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांच्या आत, १८ जुलै २०१३ रोजी, डेट्रॉईट शहराने दिवाळखोरी जाहीर केली. अमेरिकेतल्या कुठल्याही शहराची ही सर्वांत मोठी दिवाळखोरी. कर्ज १८ अब्ज डॉलरच्या आसपास. १९५० मध्ये साडेअठरा लाख असलेली वस्ती २०१० मध्ये सव्वासात लाखांच्याही आत आलेली. शेत तेच, घराणी तीच. थांबलं होतं ते घर सोडून बाहेर पडणं. तीन मोठ्या कंपन्या उरल्या आणि त्यांच्यातून फुटून निघालेल्याला टिकायला जागा राहिली नाही. क्लेपर यांच्यावर इथे एक आक्षेप घेता येतो आणि तो घेतलाच पाहिजे. बीज थोर खरं, पण बीला फळातून गळून पडू देणं हे झाडाच्या हातात असतं, आणि झाडाला तसं करायला लावणारा कायदा शेताचा असतो.

कायदा इथे नुसता उपमेपुरता नाही. नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे जाणार नाही आणि स्वतःचा तसला धंदा काढणार नाही, असा करार मालक कामगाराकडून लिहून घेतात. मिशिगन राज्याने १९०५ मध्ये असे करार बेकायदा ठरवले होते. डेट्रॉईटचा सगळा भरभराटीचा काळ या बंदीखाली गेला. कॅडिलॅक-फोर्डमधून माणसं निघाली ती मोकळ्या पायांनी. १९८५ मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्याची नवी घडी बसवताना राज्याने हे जुनं कलम रद्द करून टाकलं, तेही बहुधा नकळत, कारण विधिमंडळाच्या वीसहून अधिक पानांच्या टिपणांत या करारांचा उल्लेख नाही. मॅट मार्क्स, जसजित सिंग आणि ली फ्लेमिंग यांनी पेटंटांच्या नोंदींवरून माग काढला, तर मिशिगनचे संशोधक त्यानंतर असे करार न मानणाऱ्या राज्यांकडे जास्त प्रमाणात जाऊ लागलेले दिसले. बर्कलीच्या अॅनाली सॅक्सेनियन यांनी १९९४ मध्ये सिलिकॉन व्हॅली बोस्टनपेक्षा वरचढ का ठरली हे सांगणारं पुस्तक लिहिलं होतं, त्याचं नाव होतं ‘रीजनल अॅडव्हान्टेज’. मार्क्स यांच्या लेखाच्या नावात ते उलटं होऊन आलं, ‘डिसअॅडव्हान्टेज’, पुढे प्रश्नचिन्ह.

कॅलिफोर्नियात हे करार १८७२ पासून चालत नाहीत. ते कलम आलं डेव्हिड डडली फील्ड या वकिलाच्या मसुद्यातून. फील्ड यांनी तो न्यूयॉर्क राज्यासाठी लिहिला होता. न्यूयॉर्कने त्यांची दिवाणी संहिता कधीच स्वीकारली नाही, कॅलिफोर्नियाने उचलली. आणि त्याच १८७२ साली, सात समुद्रांपलीकडे, इंग्रज सरकारने हिंदुस्थानासाठी करार कायदा केला, तेव्हा त्याच्या कलम २७ साठीही हाच मसुदा समोर होता. धंदा करण्यापासून कोणाला अडवणारा करार रद्दबातल, असं ते कलम म्हणतं. आजही हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीत राजीनामा देणाऱ्या इंजिनिअरच्या नेमणूकपत्रात दोन वर्षं स्पर्धकाकडे न जाण्याची अट छापलेली असते. तो ती वकिलाला दाखवतो, वकील कलम २७ दाखवतो आणि पोरगं सोमवारी नव्या ऑफिसात हजर होतं. फील्ड हे नाव त्या दोघांपैकी कोणीही घेत नाही.